कोऱ्या कागदावर, दोनदा

मला राग लवकर येतो, हे तीर्थपुरीत सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या पोरांना, भाजीवाल्या मावशीला, जालन्याच्या एसटीच्या कंडक्टरला. म्हणून आधीच सांगून टाकते, या लिहिण्यात मी ज्याच्या त्याच्यावर चिडलेली दिसेन, पण सगळ्यात जास्त चिडले आहे ती स्वतःवर. माझा थोरला भाऊ तुरुंगात आहे. त्याला तिथं ठेवायला ज्यांना कागद हवे होते, त्यांना दोन कागद मी दिले. दोन्हींवर सही माझीच आहे, कुणी नक्कल केलेली नाही. माझ्या सवयीप्रमाणे खाली आडवी रेघसुद्धा ओढलेली आहे.

भावाला मी दादा म्हणते. त्याचं एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान. दहा बाय आठची जागा, एक मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र आणि एक स्टूल. दुकानाची ख्याती अशी की तिथं काम उशिरा होतं, कारण दादा कागद वाचल्याशिवाय काचेवर ठेवत नाही. सातबारा असो, लग्नाची पत्रिका असो की कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट, आधी चष्मा नाकावर ओढणार, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणार, मगच झाकण उघडणार. लोक वैतागायचे. "अहो, एसटी चालली, जल्दी करा की." हा शांतपणे म्हणायचा, "तुमचं नाव चुकलंय इथं, बघितलं का? ह्या नावावर घरकुल भेटनार न्हाई तुम्हाला." आणि खरंच चुकलेलं असायचं. दहावीनंतर तो जालन्याला दुसऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला, म्हणून मला डी.एड. करता आलं. शिकले मी, पण कागद वाचायची शिस्त त्याची. मला सह्यांची घाई. "तुम्ही मास्तर लोक कोंबडीनं दाणे टिपावे तशा सह्या मारता," असं तो चिडवायचा. मी म्हणायचे, "तुझ्यासारखं वाचत बसले तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागंल."

नवरा वारल्यापासून मी दादाच्या शेजारच्या खोलीत राहते. मधे एक भिंत. चुली निराळ्या, पण वहिनी रोज एक भाकरी जास्तीची थापणार आणि माझ्या हातात आणून देणार, हे ठरलेलं.

त्या निवडणुकीत मला एका खेड्यात मतदान केंद्राध्यक्ष म्हणून नेमलं होतं. ती माझी पाचवी की सहावी ड्युटी. ज्यांनी ही ड्युटी केली नाही त्यांना वाटतं, मशीन सांभाळायचं एवढंच काम. मशीन बिचारं गुमान बसतं. जीव घेतात ते कागद. पाकिटं, लेबलं, दाखले, घोषणापत्रं, आणि मतांच्या हिशोबाचा नमुना. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. मतदान संपलं की मशीनमध्ये एकूण किती मतं पडली तो आकडा त्यावर लिहायचा, सही करायची, आणि प्रत्येक उमेदवाराच्या एजंटाला त्याची एक प्रत द्यायची. पुढं मोजणीला तेवढीच मतं निघाली पाहिजेत. तो कागद नीट असेल तर मधल्यामधे कुणाला काही फिरवता येत नाही.

आणि नेमक्या ह्याच कागदांवर आम्ही आदल्या दिवशी सह्या करून ठेवतो. सगळेच करतात. प्रशिक्षणात माइकवरून सांगतात, कोऱ्या नमुन्यावर सही करू नका. चहाच्या वेळी तेच साहेब हळूच म्हणतात, सह्या उरकून ठेवा, संध्याकाळी लवकर सुटाल. कारण संध्याकाळी काय हाल होतात ते करणाऱ्यालाच ठाऊक. पहाटेपासून उभं राहून पाय सुजलेले, एजंट प्रतींसाठी गलका करून राह्यलेले, बाहेर साहित्य न्यायला आलेल्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही.

आदल्या दुपारी त्या खेड्यातल्या शाळेत आम्ही सतरंजी टाकली. गावातून पिठलं-भाकरी आली. जेवून मी मांडी घालून सह्या करायला बसले. पथकातले एक क्लार्क कागद पुढं सरकवत होते. "मॅडम, त्या हिशोबाच्या नमुन्यावर चार-पाच जास्तीच्या मारून ठिवा," ते म्हणाले. "आकडा लिहिताना चुकलं तर ऐन वेळी पंचाईत नको." मी मारल्या. बोटं दुखली, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी मतदान बिलकुल नीट झालं. संध्याकाळी सगळ्यांसमोर मशीनचं बटण दाबलं, आकडा आला पाचशे बेचाळीस. मी तो आकड्यात लिहिला, अक्षरी लिहिला, एजंटांना प्रती दिल्या. एकही खाडाखोड नाही म्हणून मला कोण आनंद झाला. सही केलेले चार कोरे नमुने उरले होते. ते तिथल्या तिथं फाडायचे असतात. मी फाडले नाहीत. उरलेल्या साहित्याच्या पाकिटात घातले आणि तालुक्याला जाऊन जमा केले. घेणारा माणूस पेंगुळलेला होता. म्हणाला, "राहू द्या मॅडम, टाका त्या पोत्यात." मी टाकलं.

निकाल लागला आणि आठ दिवसांत देशभर बोंब झाली. केंद्राकेंद्राची जाहीर झालेली मतं आणि एजंटांकडच्या प्रती यांचा मेळ बसेना. सगळीकडं नाही, पण जिथं बसत नव्हता तिथं फरक थोडाथोडका नव्हता. आसपासच्या खेड्यांतले एजंट प्रती घेऊन दादाच्या दुकानात यायला लागले. दादानं प्रत्येक नमुना वाचला, झेरॉक्स काढली, आणि एकेक प्रत दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला खळ लावून चिकटवली. शेजारी जाहीर झालेला आकडा लाल पेनानं. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून परतणारी माणसं पिशव्या खाली ठेवून भिंत वाचायची. त्यात माझ्या केंद्राचाही नमुना होता. पाचशे बेचाळीस, खाली माझी सही, आणि शेजारी लाल शाईत सातशे एकसष्ट.

मी तणतणत दुकानात गेले. "दादा, माझा काढ तो."

"का बरं?"

"नोकरी जाईल माझी."

"आकडा खोटा आहे का?"

"न्हाई."

"मंग कशाला काढू? उलट लोक तारीफ करून राह्यलेत. म्हणतात बाईनं अक्षरीबी लिहिलंय, किती वळणदार."

मी बडबडत घरी आले. खरं सांगायचं तर मनातून जरा बरंही वाटलं होतं. दोनशेएकोणीस मतं माझ्या केंद्रावर कुणी टाकलीच नव्हती, आणि ते सांगणारा कागद माझ्या हातचा होता.

मग एकामागून एक गोष्टी होत गेल्या. कोर्टात अर्ज गेले, कोर्टानं तारीख दिली, आणि तारखेच्या आत अध्यादेश निघाला. निवडणुकीबद्दल संशय येईल असा कागद छापणं, लावणं, जवळ ठेवणं, गुन्हा. चारांच्या वर माणसांनी जमणं, गुन्हा. मोबाइलचं नेट गेलं, आलं, पुन्हा गेलं. पेपर पातळ झाला. ग्रामपंचायतीपासून वरच्या सगळ्या निवडणुका पुढील आदेशापर्यंत रद्द झाल्या. हे सगळं एका पावसाळ्यात झालं. आमच्याकडं त्या साली सोयाबीन झकास आलं होतं, त्यामुळं पुष्कळांच्या ते ध्यानातच आलं नाही.

शाळेत पत्र आलं की परिपाठात संविधानाचं प्रास्ताविक म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी सवयीनं सुरू केलं. मीच हात वर करून थांबवलं. आमच्या बौद्धांच्या वस्तीत घराघरात ते प्रास्ताविक फ्रेम करून लावलेलं आहे, माझ्याही खोलीत. संध्याकाळी त्याच्यासमोर बसून चहा प्यायला मला नको वाटायचं. विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं तीन महिन्यांचं धम्मग्रंथाचं वाचन चालू होतं. रोज संध्याकाळी सगळी वस्ती बसून ऐकते, ते बंद करा म्हणून निरोप आला, माणसं जमतात म्हणून. दादा वाचणाऱ्यांतला. तो म्हणाला, "चारांच्या वर नको ना? मंग चार-चार बसू." एकच पान दहा-दहा वेळा वाचलं त्यानं, पाळीपाळीनं. मला म्हणाला, "पाठ झालं बघ आता सगळं." मी म्हणाले, "दादा, आता तरी ती भिंत साफ कर." तर म्हणे, खळ निघत नाही.

एका दुपारी पोलिसांची जीप आली. मी शाळेत होते. समोरच्या चहावाल्यानं पुढं सांगितलं ते असं: त्यांनी आधी भिंतीवरचे कागद पेचकसनं खरवडले. दादाची खळ गव्हाच्या पिठाची, ती निघते थोडीच. अर्धे कागद भिंतीलाच राहिले. मग कपाटातल्या प्रती पोत्यात भरल्या, आणि दादाला म्हणाले चल. त्यानं स्टुलावरचा चष्मा तेवढा मागून घेतला. मी पोचले तेव्हा मशीन चालूच होतं, कुणीतरी बटण बंद करायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात वहिनींना त्याला डबा द्यायला आत सोडलं. दोन मिनिटांत बाहेर आल्या. "डोळा सुजलाय," एवढंच म्हणाल्या. "चष्म्याची एक काच फुटलीय." त्याच दिवशी दुपारी मला पोलिसांच्या वरच्या साहेबांकडं बोलावणं आलं. दोघी गेलो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या, मी आत.

साहेब माझ्यापेक्षा वयानं लहान. बसा म्हणाले, चहा मागवला. मग टेबलावर दोन कागद ठेवले. एक दादाच्या दुकानातली झेरॉक्स, पाचशे बेचाळीसची. दुसरा अस्सल छापील नमुना. त्याच्यावर सातशे एकसष्ट, कुणा दुसऱ्याच्याच अक्षरात. खाली माझी सही, आडव्या रेघेसकट.

त्या चार कोऱ्यांतला हा एक होता.

"दोन्ही सह्या तुमच्याच ना मॅडम?"

"सही माझी आहे. पण हा आकडा मी लिहिलेला नाही."

"मग सही कशी?"

"कोऱ्यावर करून ठेवली होती."

त्यांनी दाराकडं बघितलं. "हे माझ्याजवळ बोललात, दुसरीकडं बोलू नका. अशानं तुम्हीच आत जाल." मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी सावकाश, मी वर्गात वजाबाकी समजावते तसं. छापील नमुना सरकारी, तो खोटा ठरणं शक्य नाही. म्हणजे झेरॉक्स खोटी. ती दादाच्या दुकानात सापडली, म्हणजे बनावट कागद दादानं केला. त्याची शिक्षा मोठी. पण एक दुसरा रस्ता आहे. मी लिहून द्यायचं की दिवसभराच्या दगदगीत मी आधी आकडा चुकून लिहिला, तीच प्रत चुकून एजंटाकडं गेली, आणि मग मी दुरुस्त नमुना भरला. चूक माझी, साधी, माणसाकडून होणारी. दादाला काही माहीत नव्हतं. "आज संध्याकाळी भाऊ घरी," ते म्हणाले.

"आणि वरची दोनशेएकोणीस मतं? ती कुठून आली साहेब?"

ते पंख्याकडं बघत राहिले. "माझ्यावरबी वरून आहे मॅडम," म्हणाले. त्यांचा चहा तसाच होता, साय धरलेला.

मी विचार करते म्हणून बाहेर आले आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या डब्याचं झाकण नीट बसवत ऐकत होत्या. "ताई, मतं काय घरी येऊन जेवनार हायेत का आपल्याकडं?" त्या म्हणाल्या. "माणूस आणा माझा." मला इतका संताप आला. दोन पोरांची आई, वस्तीतल्या बायकांना हक्क समजावून सांगणारी बाई, आणि हे बोलते. पण संताप आला तो ती माझ्या मनातलंच बोलली म्हणून.

मी परत आत गेले. टाइप केलेली तीन पानं समोर आली. पहिली दोन वाचली, साहेब बोलले तसंच होतं. तिसरं पान कोरं. अगदी खाली फक्त माझं नाव आणि हुद्दा.

"हे कोरं आहे साहेब."

"त्यात फक्त सुटकेचं लिहायचंय. टायपिस्ट जेवायला गेलाय, आला की भरून घेतो. थांबायचं तर थांबा, पण मोठे साहेब चारला निघतात. मग एकदम सोमवार."

शुक्रवार होता. घड्याळात सव्वातीन झाले होते.

मला सगळं कळत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर लोक म्हणाले, बाई भोळी, फसवलं तिला. मी भोळी नाही. कोऱ्या कागदावर सही केली की पुढं काय होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर त्याच टेबलावर पडलेलं होतं. तरी मी पेन उचललं. सोमवारपर्यंत दोन दिवस होते आणि दादाचा एक डोळा सुजलेला होता. तिन्ही पानांवर सह्या केल्या. रेघ ओढायची सवय, तिसऱ्या पानावर रेघसुद्धा ओढली.

घरी येऊन वहिनींनी अंघोळीचं पाणी तापवलं, मसाल्याची वांगी केली. पोरं स्टँडवर जाऊन उभी राहिली. पाचची एसटी आली, सहाची आली, सातची आली. पाणी पुन्हा तापवलं. मग ते तसंच राहिलं. सोमवारी कळलं, त्याला जालन्याच्या तुरुंगात हलवलं होतं, शुक्रवारीच, चारच्या आत.

महिनाभरानं वहिनींनी दुकान उघडलं. घर चालायला हवं होतं. शाळा सुटली की मी जाऊन बसायचे, मशीन चालवायला शिकले. तिथं एक दिवस दादाचे वकील आले, हातात केसची फाइल. "ताई, हे सरकार पक्षाचे कागद आज मिळाले. पाच-पाच प्रती काढा," म्हणाले आणि चहा प्यायला समोर गेले. मी एकेक पान काचेवर ठेवत होते. त्यात माझा जबाब आला. पहिलं पान, दुसरं पान. तिसरं हातात घेतलं, आणि त्या दुकानात बसले होते म्हणूनच की काय, काचेवर ठेवायच्या आधी वाचलं.

त्यात लिहिलं होतं की आधीच्या दोन पानांवरचं मी भावाला वाचवायला सांगितलं, खरं असं की मतदानाच्या दिवशी मी घरी आल्यावर माझ्या भावानं माझ्या पिशवीतून सही केलेला कोरा नमुना मला न विचारता काढून घेतला, त्यावर स्वतःच्या हातानं खोटा आकडा भरला, आणि सरकारविरुद्ध लोकांना भडकवण्यासाठी त्याच्या प्रती काढल्या. हे मला नंतर कळलं, आणि मी हे कोणाच्याही दबावाशिवाय सांगत आहे. खाली सही. खाली रेघ.

मी झाकण धरून उभी राहिले. वकील परत आले. "झाल्या का ताई?" मी म्हणाले, करते. आणि पाच प्रती काढल्या.

वहिनींना मी त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जास्तीची भाकरी बंद झाली. पंधराएक दिवसांनी पुन्हा थापायला लागल्या, पण आता हातात देत नाहीत. फडक्यात गुंडाळून माझ्या उंबऱ्यावर ठेवून जातात. मी ती उचलते आणि खाते. भूक तर लागतेच.

दादाच्या जामिनाच्या सुनावणीला कोर्टात मला उभं केलं तेव्हा दादा मागच्या बाजूला दोन शिपायांच्या मधे होता. वाळला होता. फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावलेली. सरकारी वकिलांनी तिसरं पान पुढं धरलं.

"सही तुमची?"

"हो."

"मजकूर तुम्ही सांगितलेला?"

"नाही. पान कोरं होतं."

"तुम्ही शिक्षिका आहात. कोऱ्या कागदावर सही करता?"

"हो," मी म्हणाले. "दोनदा केली."

लोक हसले. मग मी थांबले नाही. आदल्या दुपारच्या सह्या, चार उरलेले नमुने, पोतं, साहेबांचं टेबल, शुक्रवार, सव्वातीन, सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा, वर्गात चढतो तसा. न्यायाधीशांनी मान वर केली नाही, लिहीत राहिले. मला वाटलं लिहून घेतायत. दोन आठवड्यांनी कळलं ते काय लिहीत होते: साक्षीदार आपल्या जबाबावरून फिरली, भावाच्या प्रेमापोटी खोटं बोलत आहे, तिच्या आधीच्या लेखी जबाबावरच विश्वास ठेवणं योग्य. जामीन फेटाळला. त्याच आठवड्यात मला शाळेतून निलंबनाचं पत्र मिळालं. ते मात्र मी तीनदा वाचून मग सही करून घेतलं.

दर बुधवारी भेट मिळते, जाळीच्या अलीकडून, पंधरा मिनिटं. कोर्टानंतरच्या पहिल्या बुधवारी मी खाली बघून उभी होते. दादा म्हणाला, "चांगलं बोललीस त्या दिवशी." मी म्हणाले, "काय उपयोग झाला?" तर म्हणे, "एका माणसानं तरी ऐकलं असंल. तेवढं बस." मला त्याचा असला चांगुलपणा सहन होत नाही. त्यानं शिव्या द्याव्यात, असं फार वाटतं.

आता मी दिवसभर दुकानातच असते. भिंतीवर कागदांचे अर्धे तुकडे अजून आहेत. एका तुकड्यावर माझ्या सहीची रेघ आहे, तेवढीच. समोर चहाच्या टपरीवर साध्या कपड्यातले दोघे येऊन बसतात, कोण येतं कोण जातं बघत. आणि मी प्रत्येक कागद वाचते. लोक वैतागतात, "ताई, एसटी चुकंल." मी म्हणते, चुकू दे.

मागच्या आठवड्यात, शनिवारी, आमच्या शाळेतल्या नव्या मॅडम आल्या. सोमवारी कौल होता. निवडणूक नव्हे, उमेदवारच नाहीत. आत्ता आहे तेच सरकार तसंच पुढं चालू ठेवावं का, हो की नाही, एवढंच मतदान. मॅडमची ती पहिलीच केंद्राध्यक्षाची ड्युटी. घाईत होत्या, गाडी सुटणार होती. पिशवीतून एक कागद काढून त्यांनी मशीनवर ठेवला. मतांच्या हिशोबाचा नमुना. कोरा. खाली त्यांची सही.

"नमुने कमी दिलेत ताई. ह्याच्या वीस काढा, सहीसकट. म्हणजे तिथं पुन्हा पुन्हा करत बसायला नको. सगळ्यांनी सांगितलं, असंच करतात."

मी तो कागद हातात घेतला. वाचण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. समोरच्या टपरीवर ते दोघे बसले होते, एकजण इकडंच बघत होता. मॅडमच्या चेहऱ्याकडं बघितलं. पंचविशीतली पोर, नोकरी लागून वर्ष झालेलं. तिला माझ्या निलंबनाचं माहीत होतं, पण त्याचं कारण माहीत नव्हतं. आता हिला उभ्या उभ्या काय सांगू, की मी एकदा नाही दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर उघड्या डोळ्यांनी.

"मशीन बंद आहे," मी म्हणाले.

मशीनचा हिरवा दिवा चालू होता. तिनं तो बघितला असेल नसेल. कागद घेतला, म्हणाली, "बरं, पलीकडून काढते," आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात गेली. पाच मिनिटांत गठ्ठा घेऊन बाहेर आली आणि जाता जाता माझ्याकडं बघून हात हलवला. मीही हलवला.

बुधवारी दादाला हे सांगितलं. तो जाळीला कपाळ लावून ऐकत होता. चिकटपट्टी लावलेल्या काचेतून त्याला मी नीट दिसत नसावी.

"मंग तू तिला काय म्हणालीस?"

"मशीन बंद आहे म्हणाले."

"आणि बाकीचं? तुझ्यावर काय गुदरलं ते सांगितलं न्हाईस?"

"न्हाई. भ्याले मी दादा. आणि लाज वाटली."

मला वाटलं आता तरी रागावेल. पण तो हळूच म्हणाला, "सांग तिला बाई. तुझ्याबिगर कुणाला सांगता येनार हाय? घरी जाऊन सांग."

सांगते, मी म्हणाले. शिपायानं वेळ संपल्याची खूण केली, दादा वळून आत गेला. मी जाळी धरून उभी राहिले. मतदान होऊन दोन दिवस झाले होते.